भागीरथीचं नाक आणि माझ्या पोटातलं तेल

मित्रांनो, आधी नाकावरचा हात काढा. आता मी स्वच्छ आहे. मी एक जुनी लोखंडी कढई आहे, अंबरनाथच्या एका वस्तीतली. माझी गोष्ट ऐकताना तुमच्या पोटात ढवळून आलं, तर मी माफी मागणार नाही. माझ्या पोटात चार वर्षं ढवळत होतं, तेव्हा माझी कुणी विचारपूस केली नव्हती.

माझा जन्म लोहाराच्या भात्यापुढे झालेला नाही. एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये शंकर नावाचा फिटर कामाला होता. तिथे जाड लोखंडी पत्र्याचा एक गोल तुकडा उरला होता. शंकरनं मालकाला विचारून तो घेतला आणि सुट्टीचे दोन रविवार हातोडीनं ठोकून ठोकून त्याला पोट आणलं. दोन बाजूंना सळईचे दोन कान जोडले. वस्तीत दरवर्षी भीमजयंतीला सगळ्यांना जेवण असायचं, पण भाड्याची कढई नेमकी त्याच दिवशी कुणाच्या तरी लग्नात अडकलेली असायची. म्हणून शंकरनं मला घडवलं. डोक्यावर पालथी घालून तो मला घरी घेऊन आला तेव्हा अख्खी गल्ली हसत होती.

त्याच्या बायकोनं, भागीरथीनं, मला पाहिलं आणि सगळ्यात आधी माझा वास घेतला.

"ग्रीस मारतंय," ती म्हणाली. "अशी नाय चढवायची हिला."

मग तिनं मला राखेनं घासलं, चिंचेच्या पाण्यानं उकळलं, तीनदा तेल लावून तापवलं. तेव्हा कुठे मला आगीवर बसायचा मान मिळाला. या बाईचं नाक फार तिखट होतं. शेजारच्या घरातली डाळ लागायच्या आधी ही आपल्या उंबऱ्यातून हाक मारायची, "अगं, डाळ हलव!" वस्तीतले लोक थट्टेनं म्हणायचे की भागीरथीपासून माशाचा बेत लपवून दाखवा.

त्या नाकाचा डंका वाजला तो एका जयंतीला. कुणीतरी तेलाचे डबे दान दिले होते. ते माझ्यात ओतले, भट्टी पेटली, बायका पुऱ्या लाटून तयार होत्या. भागीरथी माझ्यावर वाकली आणि ताठ झाली. "खवट हाय. उतरवा." लोक कुरकुरले, पण तेल उतरवलं. मग डबे देणाऱ्यानं मान खाली घालून कबूल केलं, की डबे दुकानात वर्षभर उन्हात पडून होते. त्या दिवसापासून वस्तीत रिवाजच पडला. भागीरथीनं वाकून वास घेतल्याशिवाय आणि "सोडा" म्हटल्याशिवाय पहिली पुरी तेलात पडत नसे. लहान मुलं तो क्षण बघायला पुढे येऊन बसत. मला तेव्हा किती अभिमान वाटायचा! खरं सांगते, त्या काळात मीही जरा नाकानं कांदे सोलायची.

पुढे शंकर गेला. भागीरथीनं घराच्या ओट्यापुढे भजीचा गाडा लावला आणि मी रोजच्या कामाला लागले. कांदाभजी, बटाटाभजी, अधूनमधून मूगभजी. तिचे नियम कडक होते. तेल घ्यायचं ते संध्याकाळपर्यंत संपेल एवढंच. उरलं तर गाळायचं आणि उद्या एकदाच वापरायचं. धूर दिसायच्या आत जाळ बारीक करायचा. भजी सोनेरी झाली की बाहेर. नव्या तेलात भज्यांना लवकर रंग चढत नाही म्हणून ती त्यात पळीभर जुनं तेल घालायची. तिच्या मुलाला, राजरत्नला, ती बजावायची, "पळीभर हां. विरजण लावतोय असं समज. वाटीनं वतलंस तर दूध नासंल."

रात्री मला घासून पालथी घालत. सकाळी मी कोरडी, काळी तुळतुळीत असे. असे दिवस कढईच्या नशिबी फार नसतात, हे मला तेव्हा कळलं नाही.

मग तो कोरोनाचा दुसरा उन्हाळा आला. भागीरथी बारा दिवस तापानं पडली. बरी होऊन गाड्यावर परतली तेव्हा मी आनंदानं तापले. ती माझ्यावर वाकली, नाक आत ओढलं आणि तशीच राहिली. पुन्हा ओढलं. पुन्हा. हातात कांदा घेऊन तो तिनं नाकाजवळ चुरगळला. डोळ्यांतून पाणी आलं, पण ते कांद्याचं नव्हतं. तिला कशाचाच वास येत नव्हता.

डॉक्टर म्हणाले होते, येईल परत, काहींना वेळ लागतो. म्हणून तिनं कुणाला सांगितलं नाही. महिना गेला, वर्ष गेलं. पुढच्या जयंतीला समितीचा अध्यक्ष महेश यानं तिला शाल दिली आणि माइकवर म्हणाला, "आपल्या वस्तीची खरी लॅबोरेटरी म्हणजे भागीरथीमावशीचं नाक!" टाळ्या पडल्या. आता शाल अंगावर घेऊन कुणी सांगतं का, की आतलं यंत्र बंद आहे? तिनं माझ्यावर वाकून नुसता श्वास घेतला आणि "सोडा" म्हणाली. सुदैवानं तेल नवंकोरं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली.

पण गाडा रोजचा होता, मित्रांनो. तिथे मूठ झाकून भागत नव्हतं.

पूर्वी भजी झाली की नाही, हे ती वासावरून ओळखायची. आता खात्री वाटावी म्हणून ती आणखी थोडा वेळ तळायची, मग आणखी थोडा. सोनेरीचा तांबूस झाला, तांबूसचा तपकिरी, आणि तपकिरीच्या कडा काळ्या पडल्या. बटाट्याची चकती जळक्या लाकडाच्या ढलपीसारखी दिसायची. आणि लोकांनी काय करावं? लोकांनी वाहवा केली! उल्हासनगरहून येणारा एक टेम्पोवाला म्हणाला, "मौसी, एक बार और तलो, कड़क!" त्याच्याकडे सिंधी घरांत पकोडे अर्धे तळून, दाबून पुन्हा तळतात, पण ते चांगल्या तेलात आणि रंग राखून. इथे रंग कुणी राखायचा? चामटोली गावचा कोंडाजी कंपनीत दुसऱ्या पाळीला यायचा. तो तर रोज येताच सांगायचा, "मावशे, करपट बघून दे गो." राजरत्ननं बोर्ड रंगवून घेतला, 'भागीरथीची खरपूस भजी'. इतका चुकीचा बोर्ड मी तरी दुसरीकडे पाहिला नाही.

आणि तेल! मला आठवलं तरी शिसारी येते. आई "टाक" म्हणत नाही म्हणजे तेल चांगलं आहे, असं राजरत्न समजायचा. तो वाईट मुलगा नव्हता. आईच्या नाकावर त्याचा देवापेक्षा जास्त विश्वास, आणि देव तर त्यांच्या घरात नव्हताच. पळीभर जुन्याचं त्यानं वाटीभर केलं, मग अर्धी कढई. तेल कमी झालं की वरून नवं ओतायचा. नवं तेल बिचारं तासाभरात जुन्याच्या वळणावर जायचं.

दुसऱ्या दिवशी ते चहासारखं दिसायचं. पाचव्या दिवशी काकवीसारखं. मग त्याला फेस यायला लागला, धुण्याच्या साबणासारखा चिवट, पिवळट. भजी टाकली की तो माझ्या काठापर्यंत चढायचा आणि फुटताना आंबूस, जळकी, डोळ्यांत घुसणारी वाफ सोडायचा. तळाशी बेसनाचा जळका चुरा साचायचा, तो रोज नव्यानं जळायचा आणि रोज नव्या भज्यांना चिकटून वर जायचा. माझ्या अंगावर डांबरासारखं किटण चढलं. त्यावर माश्या बसायच्या आणि अडकायच्या. सकाळी भट्टी पेटल्यावर त्यांचं काय व्हायचं ते मी सांगत नाही. तुम्ही भजी खाता.

मला ओकता आलं असतं तर मी तिथेच ओकले असते. पण कढईला ते सुख नाही. जे ओतलं ते धरून ठेवायचं आणि तापायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

हे सगळं पहिल्यांदा ओळखलं ते यशोधरानं, राजरत्नच्या बायकोनं. ती बिस्किटांच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात नोकरी करते. एका रविवारी भट्टीजवळच्या फडक्याला ठिणगी लागली. ते धुमसायला लागलं, करपट वास घरात शिरला, यशोधरा आतून धावत आली. आणि शेजारीच पाठ करून बसलेली भागीरथी शांतपणे बटाटे चिरत होती. यशोधरानं फडक्यावर पाणी टाकलं आणि सासूकडे बघतच राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं एक पातेलं पुढे केलं.

"आई, दूध नासलंय का बघा ना."

भागीरथीनं वास घेतला. "चांगलं हाय की."

दूध अजून फाटलं नव्हतं, पण त्याला आंबूस वास मारत होता. यशोधरानं मोरीत जाऊन ते हळूच ओतलं आणि पातेलं घासत बसली. ते पातेलं तिनं फार वेळ घासलं.

पुढच्या आठवड्यात तिनं कारखान्यातून विचारून कागदाच्या बारीक पट्ट्या आणल्या. "आई, ही पट्टी तेलात बुडवायची फक्त. रंग बदलला की समजायचं तेल खराब झालं. आमच्याकडे रोज करतात."

"तुमच्याकडं नाकं नसतील." भागीरथीचा आवाज चढला. "या नाकावर वस्ती जेवली इतकी वरसं. आता त्याच्यावर कागद ठेवतीस?"

"तसं नाही, आई. तेल सारखं सारखं तापवलं की त्याचे तुकडे पडतात, त्यातून शरीराला घातक असं काय काय तयार होतं. आणि बटाटा, पीठ वगैरे काळं होईपर्यंत तळलं की त्यात ॲक्रिलामाइड नावाचं एक द्रव्य वाढतं, तेही चांगलं नाही. आमच्याकडे बिस्किट जास्त ब्राऊन झालं तर अख्खा लॉट बाजूला काढतात."

राजरत्न हसला. "यशो, तू पण ना! खाऊन कोण मेलंय का इथं? रोज लाइन लागते."

"एका प्लेटीनं कुणी मरत नाही. रोजच्या प्लेटीचं काय?"

"बस कर ना यार. आईनं टाक म्हटलं की टाकतो. मॅटर क्लोज."

यशोधरानं सासूकडे पाहिलं. एका वाक्यात ती सगळं उघडं पाडू शकली असती. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ. ती गप्प बसली, आणि मला, मित्रांनो, या गप्प बसण्याचीही किळस आली. भागीरथी लाजेनं गप्प, सून मानापायी गप्प, मुलगा विश्वासानं निर्धास्त, आणि त्या तिघांच्या मध्ये मी, काळं तेल धरून.

अशी गेल्या वर्षीची जयंती उजाडली.

विहाराच्या अंगणात मांडव घातला होता. राजरत्ननं मला टेम्पोतून आणलं ते गाड्यावरच्या तेलासकट, वर झाकण ठेवून. "रिकामी कशाला करायची? वरून नवे डबे ओतू," तो म्हणाला. महेशनं तीन डबे ओतले. नवं तेल पडलं तसा तळाचा जळका चुरा ढवळून वर आला. भट्टी मोठी केली आणि माझ्या पोटातलं ते सगळं जुनं पाप धुरातून वर निघालं.

अंगणात पन्नास तरी माणसं होती, म्हणजे पन्नास नाकं. पुऱ्या लाटणाऱ्या बायकांनी तोंडं फिरवली. एकीनं पदर नाकाला लावला. एक म्हातारा खोकत उठून लांब जाऊन बसला. सगळ्यांना वास येत होता! पण कुणी शब्द काढला नाही. कारण ज्या नाकानं बोलायचं, ते अजून बोललं नव्हतं.

"मावशी, या," महेश म्हणाला. "तुम्ही नाक लावलं की सोडतो पुऱ्या. पोरं भुकेली आहेत."

भागीरथी आली. तिच्या अंगावर पांढरी साडी होती आणि खांद्यावर ती शाल. ती माझ्यावर वाकली. तिचा चेहरा मला इतक्या जवळून दिसला, की पापण्यांवर धुराचं पाणी साचलेलं दिसत होतं. तिनं श्वास घेतला. तिला काही कळलं नाही. पण तेलाचा रंग तिला दिसला, आणि डोळे झोंबले तेही कळलं. तिनं मान वर केली. समोर यशोधरा पोळपाटापाशी बसली होती, तोंडाला ओढणी दाबून.

"वास येतो का गं?" भागीरथीनं अगदी हळू विचारलं.

यशोधराचे डोळे भरून आले. "तुम्ही सांगाल तसं, आई."

ती खोटं बोलली नाही आणि तिनं सासूला उघडंही पाडलं नाही. निवाडा तिनं भागीरथीच्याच हातात ठेवला. "सोडा" एवढा एक शब्द म्हटला असता तर भागीरथीचा मान राहिला असता आणि पन्नास-साठ माणसं, त्यांची पोरं, माझ्या पोटातलं ते खाऊन उठली असती. कुणी मेलं नसतं. कुणाला काही कळलंही नसतं. मी श्वास रोखून धरला होता, असं म्हणायला माझ्याकडे श्वास नाही, पण तसंच काहीतरी झालं होतं.

"महेश, भट्टी बंद कर," भागीरथी म्हणाली.

"काय झालं, मावशी? तेल खराब आहे?"

"मला काय ठाव? माझं नाक गेलंय. त्या तापात गेलं ते आलंच नाय. मागच्या जयंत्यांना मी नुसती वाकले, आन तुम्ही पुऱ्या सोडल्या."

राजरत्न पुढे आला. "आई, काय बोलतेस तू? आणि मग गाड्यावर? रोज?"

"तिथंबी तेच."

भागीरथीनं खांद्यावरची शाल काढून महेशच्या हातात दिली. मग ती माझ्या बाजूला उभी राहिली आणि लोकांकडे वळली.

"आता एकेक जण या. वाका हिच्यावर. तुम्हाला नाकं हायत. वास घ्या, आन मला तोंडं दाखवा तुमची. मला बघायचंय मी काय खाऊ घातलं ते."

लोक चुळबुळले. पहिली यशोधरा उठली. ती माझ्यावर वाकली आणि तिनं चेहरा लपवला नाही. मग बायका आल्या, मग बाप्ये, मग पोरं. एकेक जण वाकायचा आणि झटक्यानं मागे व्हायचा. "शी!" "ईऽ, काय घाण आहे!" "अरे बाप रे, हे काय?" कुणी थुंकलं, कुणाला उमासा आला. आणि भागीरथी प्रत्येकाच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. जो वास तिला येत नव्हता, तो ती त्यांच्या आक्रसलेल्या चेहऱ्यांवरून घेत होती. आयुष्यात मला एका दिवशी एवढ्या माणसांनी शी म्हटलं नव्हतं. आणि मला बरं वाटलं, मित्रांनो. एवढी वर्षं मला जी किळस येत होती, ती शेवटी कुणाला तरी आली.

रांगेत सगळ्यात शेवटी कोंडाजी होता. जयंतीला तो दरवर्षी चामटोलीहून येतो. तो वाकला, पण मागे झाला नाही. तसाच वाकून राहिला.

"ह्योच त्याल का गो, मावशे? रोजचं?"

"ह्येच," भागीरथी म्हणाली. "मीच चारलं तुला."

कोंडाजी सरळ झाला. रागावला नाही. त्यानं हात कुठे लावला नव्हता, तरी दोन्ही तळवे पँटला पुसत राहिला.

त्यानंतर तेल गार करून डब्यांत भरलं, यशोधरानं ते गटारात ओतू दिलं नाही. मला खरवडायला चार माणसं लागली. विटेचा चुरा, राख, उकळतं पाणी. किटणाचे पोपडे निघाले, तसं खालचं माझं अंग मला पुन्हा दिसलं. जेवण दुपारी तीनला झालं. पुऱ्या यशोधरानं दुकानातून आणलेल्या नव्या तेलात तळल्या, पट्टी बुडवून. भागीरथी माझ्याजवळ बसली नाही. ती बायकांच्या रांगेत जाऊन पुऱ्या लाटत बसली, आणि तिथून तिला पुन्हा कुणी बोलावलं नाही. हे मला आजही टोचतं. खरं बोलल्याबद्दल तिला टाळ्या पडल्या नाहीत. खोट्याला शाल मिळाली होती.

गाडा आता पुन्हा चालतो. बोर्ड उतरवला. भजी सोनेरी असतात आणि काही गिऱ्हाइकं ती कच्ची आहेत म्हणून तक्रार करतात. कोंडाजी दोन महिने आला नाही, मग आला. उरलेलं तेल रोज टाकून दिलं जातं.

मित्रांनो, त्या सकाळी तेल सडलंय हे पन्नास नाकांना कळलं होतं, आणि पन्नास तोंडं गप्प होती. तुम्हाला कुठे असा वास आला, तेल काळं दिसलं, भजी कोळशासारखी दिसली, तर कुणाचा मान राखायला म्हणून खाऊ नका. ताट बाजूला सारा आणि सांगा. घरच्या आईला, आजीला सांगा, प्रेमानं सांगा, पण सांगा. आणि तुमच्या घरातली कढई रोज रिकामी करून घासा हो. आम्हाला रिकामं राहण्याची लाज वाटत नाही.